दोन बिऱ्हाडं, एक दार: बूट लोडरच्या दुरुस्तीचे परीक्षण

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाण घेतलं होतं आणि शेवटी आम्ही म्हणालो होतो की पुढच्या वेळी एक अगदी आजचा, घरातला पाठ घेऊन तो तपासू. तो पाठ आज आणला आहे. विषयाचं नाव वाचून काहींनी विचारलं, सर, व्याख्यानमाला बदलली का? बदललेली नाही. संगणक सुरू होताना जो छोटा प्रोग्रॅम आधी उठतो आणि मग मोठ्या कार्यप्रणालीला उठवतो, त्याला बूट लोडर म्हणतात. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स अशी दोन बिऱ्हाडं राहत असली की या दारवानाचा केव्हा ना केव्हा घोटाळा होतो, आणि तो पूर्ववत कसा करावा याच्या सूचना लिहिल्या जातात. त्या सूचना, त्या प्रोग्रॅमचे पडद्यावर उमटणारे संदेश आणि त्याची अधिकृत पुस्तिका, या तीन गोष्टींचं आज परीक्षण करायचं आहे. नुसते दोष काढायचे नाहीत. कुठे काय साधलं, कुठे फसलं आणि का, हे पाहायचं.

आधी प्रसंग सांगतो. आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, दहा-बारा वर्षांचा. त्याच्या डिस्कचे भाग पाडलेले आहेत. एका भागात विंडोज. तिथे आमच्या सूनबाई आसपासच्या दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरतात. दुसऱ्या भागात लिनक्स. तिथे आमचं काम चालतं. काम म्हणजे आमच्या गुरुजींच्या न्यायदर्शनावरील पाठांच्या वह्या. वह्यांना वाळवी लागली होती. निवृत्तीनंतर त्या आम्ही एकेक पान करून टंकित करायला घेतल्या. आठ वर्षं झाली. मूळ वह्यांपैकी निम्म्यांचा आता हात लावला की भुगा होतो. म्हणजे टंकित प्रत हीच प्रत. आणि तिची दुसरी प्रत आम्ही शेवटची काढली होती होळीला. ही गोष्ट श्रावणातली.

जागा कमी पडू लागली म्हणून आम्हीच विंडोजमध्ये शिरून मधला एक रिकामा भाग पुसून टाकला. आम्हीच; यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी. पहिलीचा अर्थ, असा भाग अस्तित्वात नाही. दुसरीत ग्रब रेस्क्यू एवढे दोन शब्द आणि पुढे लुकलुकणारी खूण. विंडोज नाही, लिनक्स नाही. तारीख १८. विवरणपत्राची मुदत २०.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे यंत्र नेलं. त्याने एक-दोन आज्ञा देऊन पाहिल्या. पडद्यावर फाइल-प्रणाली अनोळखी आहे असं उमटलं. तो म्हणाला, "काका, डिस्क गेलीय. फॉरमॅट मारावं लागेल. तासाभरात विंडोज टाकून देतो." मुलगा लबाड नव्हता, बरं का. पैसेही वाजवी सांगत होता. पण आम्ही यंत्र काखोटीला मारलं आणि घरी आलो. संगणकातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेली एक अट ऐन वेळी आठवली म्हणून. ती अट पुढे येईलच.

आता जरा मुळाशी जाऊ. संगणक चालू होतो तेव्हा त्याच्या स्मृतीत कार्यप्रणाली नसते. ती डिस्कवर असते. डिस्कवरून ती वाचायची तर वाचणारा प्रोग्रॅम हवा. तोही डिस्कवरच. मग त्याला वाचायला आणखी एक हवा. आपल्याकडे याला अनवस्था म्हणतात. बूट हा शब्दच मुळी यातून आला: बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, या अशक्य कल्पनेवरून. जर्मन तत्त्वज्ञ हान्स अल्बर्ट यांनी १९६८ साली या कोंडीला मुंखहाउझेनचं नाव दिलं. स्वतःचे केस धरून स्वतःला दलदलीतून वर ओढणारा तो थापाड्या सरदार. कशाचंही समर्थन मागा. एक तर अनंत मागे जात राहा, नाही तर चक्रात फिरा, नाही तर कुठे तरी थांबा आणि म्हणा, याच्या मागे आता विचारू नका. आपल्या नैयायिकांनी आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक, अनवस्था असे या कोंडीचे प्रकार वेगळे काढून ठेवलेलेच होते.

संगणकाने तिसरी वाट धरली, थांबण्याची. जुन्या पद्धतीत मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस डिस्कचा पहिला सेक्टर उचलतो आणि डोळे मिटून त्याच्या हाती कारभार देतो. तो सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट भागांच्या तक्त्याला, २ बाइट शेवटच्या खुणेला. प्रोग्रॅमला उरतात ४४६. यूटीएफ-८ पद्धतीत एका देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ४४६ बाइटांत दीडशे चिन्हंसुद्धा मावणार नाहीत. एवढ्या जागेत कुणी काय करावं? एकच गोष्ट करता येते: पुढच्याला हाक मारायची.

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात हे काम लिलो करायचा, वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला. लिलोला फाइल-प्रणाली वाचता येत नसे. लिनक्सचा कर्नेल डिस्कवर नेमका कुठल्या कप्प्यांत ठेवला आहे एवढं तो टिपून ठेवायचा. कर्नेल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात, की यंत्र उठायचं नाही. ग्रब हा नंतरचा. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला, ग्नू हर्ड ही कार्यप्रणाली उठवता यावी म्हणून. १९९९ मध्ये गॉर्डन मात्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी तो अधिकृत ग्नू प्रकल्पात घेतला. भौतिकशास्त्रातल्या महाएकीकरणाच्या सिद्धान्तावर श्लेष करून त्याचं नाव ठेवलं आहे. ग्रबची खरी झेप अशी की तो फाइल-प्रणाली स्वतः वाचतो. लिलो पत्ता पाठ करायचा, ग्रब घर शोधतो. आमचा पहिला अभिप्राय इथेच नोंदवतो: कल्पना उत्तम. पण शोधाला जिथून सुरुवात होते तिथेच ती अपुरी पडते. ते आता पाहू.

पहिला आक्षेप संदेशांच्या भाषेवर. फाइल-प्रणाली अनोळखी आहे, हे वाक्य घ्या. अनोळखी कुणाला? वाक्यात कर्ता नाही. ग्रब आपला गाभा तयार करतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या फाइली ज्या भागात आहेत तो भाग वाचण्यापुरतीच उपकरणं तो बरोबर घेतो. आमच्या यंत्रात ती लिनक्सची फाइल-प्रणाली वाचण्याची होती. विंडोजची वाचण्याची नव्हती. त्या मुलाने रेस्क्यूमध्ये बोट दाखवलं ते विंडोजच्या भागाकडे. ग्रबला तो भाग वाचता येणारच नव्हता. तसं त्याने सांगितलं, पण सांगितलं अशा शब्दांत की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथे वाचण्यासारखं काही उरलेलंच नाही.

इथे ती अट आली. एखादी वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण सोबत योग्यतेची अट घातली. उजेड असेल, डोळे शाबूत असतील, घागर असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, आणि तरी ती दिसत नसेल, तरच घागर नाही म्हणा. अंधारात घागर दिसली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता बघा, ज्याच्याजवळ विंडोजचा भाग वाचण्याचं साधनच नाही, त्याला तो भाग न वाचता येणं ही योग्य अनुपलब्धी नाही. त्यावरून डिस्क गेली असा निष्कर्ष काढणं म्हणजे अंधारात चाचपडून घागर फुटली म्हणणं. दुकानात आमच्या मनात आलं ते एवढंच: या यंत्राला दिसत नाही, पण याला दिसायला हवं होतं का? उत्तर माहीत नव्हतं. आणि उत्तर माहीत नसताना फॉरमॅट करायचं नाही, इतपत कळत होतं.

जागा कमी म्हणून संदेश त्रोटक, असा बचाव कुणी करेल. पहिल्या सेक्टरपुरता तो मान्य. पण रेस्क्यूचा हा पडदा पहिल्या सेक्टरमधून येत नाही. तो ग्रबच्या गाभ्यातून येतो, आणि गाभा बसतो पहिला सेक्टर आणि पहिला भाग यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. जुन्या डिस्कांवरसुद्धा तो पट्टा ६२ सेक्टरांचा, म्हणजे ३१ किलोबाइटांचा असे. आता तो सुमारे एक मेगाबाइटचा असतो. 'मला हा भाग वाचता येत नाही' एवढं म्हणायला त्यात जागा निघाली असती. याउलट तो बिचारा लिलो पाहा. तो उठता उठता आपल्याच नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा. प्रत्येक टप्पा पार पडला की एक अक्षर. दोन अक्षरांवर थांबला तर जाणत्याला कळायचं की गाडी कुठल्या स्टेशनावर अडली. प्रोग्रॅम कमी कुवतीचा, पण आपण कुठे थांबलो एवढं तो खरं सांगत होता. लिलोचं काम २०१५ अखेर थांबलं. त्याचा हा गुण मात्र पुढे कुणी उचलला नाही.

दुसरा आक्षेप नावांचा, आणि आमच्या अपघाताचं मूळ यातच आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य भाग चारच असू शकतात. जास्त हवे असले तर त्यांतल्या एकाच्या पोटात आणखी भाग करतात, आणि त्या पोटभागांचे क्रमांक ५ पासून पुढे लागतात. आमचा रिकामा भाग होता पाचवा, लिनक्स सहावा. पाचवा पुसला, तेव्हा सहावा आपोआप पाचवा झाला. ग्रबच्या गाभ्यात मात्र लिहिलेलं होतं की माझ्या फाइली सहाव्या भागात आहेत. तो सहावा भाग शोधत गेला आणि म्हणाला, असा भाग नाही. खोटं बोलला नाही. आपल्याकडे जमिनीची एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तिथेच, बांध तिथेच, आंब्याचं झाडही तिथेच. पण हातात जुना उतारा घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या माणसाला त्याचं शेत कागदावर सापडेना. आमच्या गुरुजींच्या वह्यांचं तेच झालं होतं. एक अक्षरही हललं नव्हतं. पत्ता तेवढा शिळा झाला होता.

सोल क्रिपकी यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली. टिपणं न घेता दिलेली ती व्याख्यानं उतरवून काढून पुढे 'नेमिंग अँड नेसेसिटी' या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या मालेसारख्या प्रकल्पांना धीर देणारी ही गोष्ट आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: वर्णन वेगळं आणि नाव वेगळं. 'ओळीतला सहावा' हे वर्णन आहे. ओळ बदलली की ते दुसऱ्याच कुणाला लागू पडतं, किंवा कुणालाच लागू पडत नाही. नाव त्या व्यक्तीला धरून राहतं. संगणकातही दोन्ही सोयी आहेत. प्रत्येक फाइल-प्रणालीला तयार होतानाच एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, यूयूआयडी म्हणतात त्याला, आणि ओळीतली जागा बदलली तरी तो बदलत नाही. गंमत अशी की ग्रबचा पुढचा सगळा कारभार, म्हणजे मेनू आणि त्यातल्या नोंदी, या ओळखक्रमांकावर चालतो. फक्त पहिलं पाऊल, एकाच डिस्कवर सगळं असेल तर, क्रमांकाच्या भरवशावर पडतं. जिथे चुकलो तर सावरायला कुणी नाही, तिथेच सर्वांत कच्चा निर्देश.

प्रतिपक्षाचंही ऐकू या. ओळखक्रमांकही निर्दोष नाही. एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवली की दोन्हींचे ओळखक्रमांक एकच होतात, आणि मग नावाने हाक मारली तर दोघे ओ देतात. तिथे क्रमांकच बरा. शिवाय क्रमांक वाचायला फाइल-प्रणाली उघडावी लागत नाही. हे सगळं मान्य. पण मग दोन्ही ठेवा. आधी क्रमांक पाहा, नाही सापडला तर ओळखीने शोधा. ३१ किलोबाइटांत एवढी दूरदृष्टी मावते.

पुढे काय झालं ते सांगतो. शेजाऱ्यांच्या संगणकावर ग्रबची पुस्तिका उघडून वाचली. तिच्या उत्तरार्धात, अडचणींच्या प्रकरणात, रेस्क्यूबद्दल एक छोटा भाग आहे. तो आम्हाला संबंध पुस्तिकेत सर्वांत सरस वाटला. ग्रब सुरू होताना तीन गोष्टी करतो: आपल्या फाइलींचा पत्ता, ज्याला प्रीफिक्स म्हणतात, तो मनाशी धरतो, त्यावरून रूट, म्हणजे मूळ भाग, ठरवतो, आणि तिथून नॉर्मल नावाचं आपलं मोठं अंग बोलावून घेतो. यांतलं काही चुकलं की रेस्क्यू. म्हणजे रेस्क्यू ही शोकवार्ता नाही. पत्ता द्या, असं ते मागणं आहे. आम्ही एलएस ही आज्ञा दिली, तशी भागांची यादी आली. एकेक भाग उघडून पाहिला. पाचव्यात बूट, ईटीसी, होम अशी लिनक्सची ओळखीची फोल्डरं दिसली. त्या क्षणी सूनबाईंनी आमच्यासमोर चहा ठेवला होता, तो गार झाला हे नंतर लक्षात आलं. मग प्रीफिक्स पाचव्या भागाचा लिहिला, रूटही तोच, नॉर्मल आत घेतलं आणि चालवलं. चार ओळी. मेनू आला. त्यात विंडोजही होतं, लिनक्सही होतं.

पण इथे थांबलो असतो तर उद्या सकाळी पुन्हा तेच. ही चार वाक्यं स्मृतीत असतात, डिस्कवर नाहीत. लिनक्समध्ये शिरून ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा संपूर्ण डिस्कला उद्देशून द्यावी लागते, तिच्या एखाद्या भागाला उद्देशून नाही. आणि मग अपडेट-ग्रब, म्हणजे मेनूची नवी यादी. पहिलीने पत्ता दुरुस्त होतो, दुसरीने पाटी. रात्री सूनबाईंची विवरणपत्रं भरायला सुरुवात झाली.

पुस्तिकेबद्दल दोन वाक्यं. प्रस्तावनेतच ती सांगते की संगणक सुरू होताना चालणारा पहिला प्रोग्रॅम म्हणजे बूट लोडर. आज हे खरं नाही. त्याच्या आधी चिपमधलं फर्मवेअर चालतं, तेही प्रोग्रॅमच, आणि पुष्कळ यंत्रांत ग्रबच्या आधी आणखी एक मध्यस्थ असतो. आपण पहिले आहोत असं मानणाऱ्याला आपल्या आधीच्याची बिघाडातली भूमिका दिसत नाही. दुसरं असं की सर्वांत जास्त गरजेचा तो रेस्क्यूचा भाग फार मागे आहे. ज्याचं यंत्र चालू आहे त्याच्यासाठी ही पुस्तिका रचली आहे. ज्याचं बंद पडलं आहे तो वाचक तिने कल्पिलेला नाही.

तिसरा आक्षेप दुरुस्तीच्या पाठावर, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रेस्क्यूसुद्धा येत नसेल तेव्हाचा जो पाठ सर्वत्र फिरतो तो साधारण असा: पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करा, आपल्या लिनक्सचा भाग एमएनटी या फोल्डरात जोडा, डेव्ह, प्रॉक, सिस ही फोल्डरं त्यात बांधा, सीएच-रूट करा, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब, यंत्र पुन्हा सुरू करा. सात ओळी, सगळी क्रियापदं आज्ञार्थी. आता मीमांसकांची पट्टी लावू. लौगाक्षी भास्करांच्या अर्थसंग्रहात विधीचे चार प्रकार सांगितले आहेत. कर्म कोणतं ते सांगणारा उत्पत्तिविधी. कोणतं अंग कशासाठी ते सांगणारा विनियोगविधी. कुठल्या क्रमाने करायचं ते सांगणारा प्रयोगविधी. आणि हे कुणी करायचं, फळ कुणाला, ते सांगणारा अधिकारविधी. वरच्या सात ओळींत उत्पत्ती आहे आणि प्रयोग आहे. विनियोग नाही, अधिकार तर मुळीच नाही.

विनियोग म्हणजे काय, ते बघा. डेव्ह, प्रॉक, सिस का बांधायची? लाइव्ह लिनक्स हे पाहुण्याचं घर आहे. सीएच-रूट म्हणजे त्या घरात बसून, हेच आपलं घर असं मानून, आपल्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये वावरायचं. पण डिस्क कुठे आहे, कर्नेलची स्थिती काय आहे, हे दाखवणाऱ्या खिडक्या पाहुण्याच्या घराला आहेत, आपल्या बंद घराला नाहीत. त्या तीन फोल्डरांच्या रूपाने त्या खिडक्या आत आणल्या नाहीत तर ग्रब-इन्स्टॉलला डिस्कच दिसत नाही. हे कारण ज्याला कळलं त्याला एखादी ओळ चुकली तर ती कुठली, हे शोधता येतं. कारण न कळता करणारा सातही ओळी पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, मंत्र म्हणावा तशा.

आणि अधिकार. हा पाठ कुठल्या यंत्राला लागू आहे? आमचं यंत्र बायोसचं होतं. २०१२ च्या सुमारानंतरची बहुतेक यंत्रं यूईएफआय पद्धतीची आहेत. तिथे पहिल्या सेक्टरचा खेळ नाही. ईएसपी नावाचा एक छोटा, फॅट पद्धतीचा भाग असतो, त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचं आपापलं फोल्डर, आणि कुणाला आधी हाक मारायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत. तिथे तो ईएसपी भागही योग्य जागी जोडावा लागतो. पेनड्राइव्हसुद्धा यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला असावा लागतो; तो जुन्या पद्धतीने उठला असेल तर दुरुस्ती भलत्याच जागी होते. ओळखायचं कसं? लाइव्ह लिनक्सच्या सिस फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का पाहा. असेल तर यूईएफआय. हे एक वाक्य सात ओळींच्या वर हवं. आणखी एक: यूईएफआय यंत्रात विंडोजने यादीत स्वतःला पहिलं केलं असेल, तर ग्रब जागच्या जागी शाबूत असतो. तिथे नव्याने काही बसवायचं नाही. फर्मवेअरच्या पडद्यावर किंवा लिनक्समधल्या ईएफआय-बूट-मॅनेजरने यादीतला क्रम बदलायचा. पुष्कळ लोक निरोगी माणसाची शस्त्रक्रिया करतात ती इथे.

अर्थसंग्रहात विधीबरोबर निषेधही येतो. या पाठांत निषेध जवळपास नसतो. आम्ही तीन लिहून दिले असते. दुरुस्तीच्या नावाखाली भागांचा नवा तक्ता तयार करू नका. विंडोजचा भाग बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी असल्याशिवाय बूटच्या साखळीला हात लावू नका. साखळी बदललेली दिसली की विंडोज ती किल्ली मागू शकतं. आणि जोवर डिस्क वाचता येते, तोवर आधी फाइली बाहेर काढा, मग दुरुस्ती. लाइव्ह लिनक्समधून ते करता येतं. आम्हाला कुणी हे आधी सांगितलं असतं तर ती दुपार सोपी गेली असती.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. जुना बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शेवटचे दोन बाइट योग्य आहेत एवढंच पाहायचा आणि मग जे असेल ते चालवायचा. ज्ञान मुळात प्रमाणच असतं, अप्रमाण ठरायला बाहेरचं बाधक कारण लागतं, असं मीमांसक म्हणतात, स्वतःप्रामाण्य. बायोस हा पक्का मीमांसक. सिक्युअर बूट आलं ते नैयायिकांचं परतःप्रामाण्य घेऊन: प्रत्येकाची सही आधीच्याने तपासल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. फर्मवेअर शिम नावाच्या मध्यस्थाची मायक्रोसॉफ्टने केलेली सही तपासतं, शिम ग्रबची तपासतो, ग्रबकडून कर्नेलची तपासली जाते. पण परतःप्रामाण्याला अनवस्थेचा प्रश्न विचारावाच लागतो: पहिल्या किल्लीची सही कुणी तपासली? कुणीच नाही. ती कारखान्यात चिपमध्ये ठेवलेली असते. तिथे आपण पुन्हा थांबलो. तराजूने सोनं तोलता येतं, तसं गरज पडल्यास तराजूही तोलता येतो, हा न्यायसूत्रांतला दृष्टान्त इथे उपयोगी आहे. फक्त प्रश्न असा की तराजू तपासण्याचा अधिकार ग्राहकाला आहे की नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये हे तात्त्विक राहिलं नाही. ग्रबमध्ये २०२२ साली उघड झालेली एक सुरक्षात्रुटी रोखण्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या अद्यतनातून जुने मध्यस्थ बाद ठरवणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. दोन कार्यप्रणाल्या असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही असं सांगितलं गेलं होतं. पण दुहेरी मांडणी ओळखण्याची रीत काही यंत्रांत चुकली, आणि त्यांच्यावर लिनक्स उठेनासं झालं. पडद्यावर संदेश काय, तर काही तरी फारच गंभीर बिघडलं आहे. पुन्हा तीच भाषा. बिघडलं काहीच नव्हतं; एका बिऱ्हाडाने दुसऱ्याची किल्ली रद्द केली होती. तात्पुरता उपाय म्हणून सिक्युअर बूट बंद करून ती यादी पुसावी लागे. कंपनीची पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. त्रुटी खरी होती आणि बंदोबस्तही हवा होता, हे आम्ही नाकारत नाही. पण दार सामाईक असताना कुलूप बदलायचं तर दुसऱ्याला आधी नवी किल्ली द्यावी, हा वाड्यातला साधा नियम आहे.

निष्कर्ष सांगतो. ग्रब हा प्रोग्रॅम म्हणून मोठा आहे. दुसऱ्याच्या कार्यप्रणालीला आपल्या मेनूत जागा देतो, हा त्याचा स्वभाव आम्हाला आवडतो. पहिल्या पावलाचा त्याचा निर्देश कच्चा आहे. त्याचे संदेश आपल्या अज्ञानाला जगाचं अज्ञान म्हणतात. आणि दुरुस्तीचे पाठ अधिकार सांगत नाहीत, म्हणून चांगले लोकसुद्धा चुकीच्या यंत्रावर बरोबर विधी करतात. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला जे वाक्य दिसलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. तेच वाक्य रोज किती दुकानांत वाचलं जात असेल आणि त्यावरून किती डिस्का पुसल्या जात असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

आता एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, एका बटणात दुरुस्ती करणारे प्रोग्रॅम आहेत. बूट-रिपेअर वगैरे. ते वापरावेत का?

वापरावेत. पण त्यात यंत्राच्या स्थितीचा अहवाल तयार करण्याची सोय असते. आधी तो काढा आणि वाचा. वैद्याने नाडी पाहून काय सांगितलं ते ऐका, मग औषध. बटण आधी दाबलंत तर बरं झालं की नाही ते कळेल, काय झालं होतं ते कळणार नाही. आणि पुढच्या वेळी पुन्हा बटण शोधावं लागेल.

प्रश्न: एवढी कटकट असताना दोन कार्यप्रणाल्या एका यंत्रात ठेवायच्याच कशाला?

हे आमच्या सूनबाईंनीही विचारलं. शक्य असेल तर दोन वेगळ्या डिस्का ठेवा. प्रत्येकाला स्वतंत्र दार मिळतं, भांडण कमी होतं. आमच्या यंत्रात एकच बसते आणि पेन्शनीत दुसरं यंत्र इतक्यात नाही, म्हणून वाडा तसाच चालू आहे.

प्रश्न: वह्यांची प्रत आता काढता ना, सर?

दर रविवारी. दोन ठिकाणी. एक प्रत त्या दुरुस्तीवाल्या मुलाच्या दुकानात ठेवली आहे. त्याला आम्ही रेस्क्यूच्या त्या चार ओळी लिहून दिल्या, त्याने मोबदला म्हणून कप्पा दिला. चला, वेळ झाली. पुढच्या वेळी अर्थापत्ती घेऊ.